सतरा वर्षांनी दिलेली खबर

जानेवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेअकराच्या सुमारास माझ्या वहिनीने वेल्हे तालुक्यातल्या आमच्या ग्रामपंचायतीत तिच्या पहिल्या मुलीच्या मृत्यूची खबर दिली. मृत्यू होऊन सतरा वर्षं उलटली होती. मूल तेव्हा नऊ महिन्यांचं होतं. खबर देताना वहिनीबरोबर मी होते. माझा थोरला भाऊ, म्हणजे मुलीचा बाप, आला नव्हता.

आमचं घर राजगडाच्या पायथ्याला, पालीच्या पुढच्या एका वाडीवर आहे. भाऊ भात लावतो आणि शनिवार-रविवारी गडावर येणाऱ्यांना जेवण देतो. मी पुण्यातल्या एका वर्तमानपत्रात बरीच वर्षं नोकरी केली आणि आता भोरला राहते. भावाची मुलगी, माझी भाची, अकरावीपासून कॉलेजसाठी माझ्याकडे होती. त्या जानेवारीत ती बारावीला होती.

भावाला दोन मुली झाल्या. पहिली भोरच्या दवाखान्यात, डिसेंबरात. तिच्या जन्माची नोंद दवाखान्यामार्फतच झाली आणि दाखला घरी आला. पुढच्या सप्टेंबरात तिला ताप भरला. तीन दिवस पाऊस उघडला नाही, ओढ्यावरचा फरशी पूल पाण्याखाली होता. पाणी उतरण्याची वाट बघत असताना तिसऱ्या दिवशी सकाळी ती घरातच गेली. एवढ्या लहान मुलाला आमच्याकडे जाळत नाहीत, पुरतात. वडील आणि भाऊ तिला घेऊन गेले आणि दुपारच्या आत परत आले. बायकांनी जायचं नसतं. दहावा नसतो, पाहुण्यांना सांगावा जात नाही. मला पुण्यात आठ दिवसांनी कळलं. या मृत्यूची नोंद करायला हवी, हे घरात कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही. त्या वर्षी मी जिल्हा परिषदेच्या बातम्या करत होते. जन्म-मृत्यू नोंदणीबद्दलचं सरकारी पत्रक मीच संपादित करून छापायला पाठवलं होतं.

दुसरी मुलगी पुढच्या जुलैत झाली, घरीच. आई, जिला वहिनी आत्याबाई म्हणायची, तेव्हा हयात होती. शेजारच्या म्हातारीने नाळ कापून बाळ तिच्या हातात दिलं तेव्हा आई म्हणाली, “तीच हाय. माघारी आली.” बाराव्या दिवशी तेच नाव ठेवलं. त्यात घरच्यांना किंवा वाडीतल्या कोणाला वावगं वाटलं नाही. नाव तेच, आईबाप तेच, आणि दाखला पत्र्याच्या पेटीत होता. दुसरीच्या जन्माची नोंद करायला कोणी गेलं नाही.

ती पाच वर्षांची व्हायला महिना राहिला असताना तिला पहिलीत घातलं. मी रजेवर घरी आले होते. मुख्याध्यापकांनी जन्मदाखला मागितला. भावाने पेटीतला कागद माझ्याकडे दिला, मी त्यावरची तारीख वाचली आणि कागद मुख्याध्यापकांपुढे ठेवला. त्या दिवसापासून भाची कागदोपत्री एकोणीस महिन्यांनी मोठी झाली.

त्या जानेवारीतल्या एका सोमवारी भाची गावाहून पहिल्या एसटीने परत आली. सॅकमधून तांदळाची पिशवी काढून तिने ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, “आत्या, काल सुपारी फोडली.”

“कोणाची?”

“माझीच. आणखी कोण आहे घरात?”

मुलगा पानशेतच्या बाजूचा होता. धरणाजवळ त्यांचं हॉटेल होतं, दोन टेम्पो होते. “माणसं वाईट नाहीत,” ती म्हणाली. “चहा दोनदा मागून घेतला.” लग्न फेब्रुवारीत धरलं होतं, इंग्रजीच्या पेपराच्या पाच दिवस आधी.

“तू काय म्हणालीस?”

“विचारलं कोणी? मी भजी तळत होते.”

तिला नर्सिंगला जायचं होतं. हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, भावालाही.

मी भावाला फोन लावला. “दादा, ती सोळा वर्षांची आहे.”

“दाखला बघ. डिसेंबरात अठरा पुरी झाली.”

“दाखला तिचा नाही.”

“मग शाळेत दिला कुनी? म्या दिला का?” त्याने फोन ठेवला.

गुरुवारी वहिनी आली. याआधी नसरापूरला गाडी बदलून ती एकटी भोरला आल्याचं मला आठवत नाही; एरवी भाऊ सोडायला असे. ती स्वयंपाकघरात खाली बसली, पाणी प्यायली आणि तिने विचारलं, “वन्सं, मेल्याली नोंद इतक्या वर्सांनी व्हती का?”

“होते. वेळ लागतो. कोणाची?”

“आपल्या पहिल्या पोरीची.”

घरात सतरा वर्षं एकाच मुलीबद्दल बोलणं व्हायचं. ‘पहिली पोर’ हे शब्द मी वहिनीच्या तोंडून तोवर ऐकले नव्हते.

मी तिला कायदा सांगितला. घरात कोणी मरण पावलं तर त्याची खबर कुटुंबप्रमुखाने एकवीस दिवसांत निबंधकाला द्यायची. मूल असलं तरी तोच नियम. तीस दिवसांच्या आत असेल तर उशिराचं शुल्क, वर्षाच्या आत असेल तर वरच्या अधिकाऱ्याची परवानगी. वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो आणि त्याआधी चौकशी होते.

“म्हंजी आमी गुन्हा केला.”

“नोंद केली नाही. त्याला किरकोळ दंड आहे.”

“पोलीस इचारत्याल?”

“विचारतील. कशाने गेली, कुठे गेली.”

“तापानं गेली. सांगंन की.” तिने तांब्या बाजूला सरकवला. “ती मेली असं लिवलं तर ही धाकटी ठरंल. व्हय ना?”

“तेवढ्याने नाही. हिच्या जन्माची वेगळी नोंद करावी लागेल. पण सुरुवात तिथून.”

“मग करायची.”

“दादाला मी सांगू?”

“नगं. तुमी बोलला की त्यांना पेपरवाली दिसती. म्या सांगते.”

तिने सोमवारी संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत सांगितलं. मी मुद्दाम गावी गेले होते. भाऊ अंगणात रविवारची मोठी पातेली राखेने घासत होता. वहिनी त्याच्यासमोर उभी राहिली आणि एका वाक्यात म्हणाली की उद्या ती ग्रामपंचायतीत जाऊन पहिल्या पोरीची नोंद करणार आहे.

भावाने माझ्याकडे बघितलं. “हिचं डोकं का तुझं?”

“माजंच हाय,” वहिनी म्हणाली.

“सतरा वर्सांनी मडं उकरायचं?”

“उकरत न्हाई. लिवून देती.”

“लोक काय म्हनत्याल? लेकीचं लगीन मोडाया आईनं मेल्याली पोर काढली.”

“म्हनू द्या.”

“पानशेतवाल्यांना काय तोंड दावू? चांगलं घर हाय. एवढ्या लांबनं चालून आलं.” तो पातेलं फिरवून घासू लागला. “आन् आई म्हनली व्हती ना, तीच आली म्हनून? मग?”

“आत्याबाई म्हनल्या. म्या दोनदा बाळंत झाले.”

त्याने पातेलं पालथं घातलं. मग म्हणाला, “पुरली कुठं ते तरी ठावं हाय का तुला? लिवून देतीया.”

“तुमी सांगितलंच न्हाई कवा.”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने मोटारसायकल काढली नाही. आम्ही दोघी चालत निघालो.

आमच्या ग्रामसेवकांकडे दोन गावांचा कारभार आहे. त्यांच्या पदाचं नाव सरकारने आता बदललं आहे, पण गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात. आमच्याकडे ते मंगळवारी आणि शुक्रवारी बसतात. वहिनीला बघून ते म्हणाले, “या वहिनी. घरपट्टी का?”

“मयताची खबर द्याची हाय.”

त्यांनी हात जोडले. “अरेरे. कोण गेलं? कधी?”

“सतरा वर्सं झाली.”

त्यांनी जोडलेले हात खाली घेतले. “सतरा वर्षं थांबलात, मग जेवणाच्या सुट्टीनंतर आलात तरी चाललं असतं.” शिपाई हसला.

“न्हाई,” वहिनी म्हणाली. “आताच.”

त्यांनी कोरा अर्ज पुढे घेतला आणि मयताचं नाव विचारलं. तिने सांगितलं. ते लिहिता लिहिता थांबले. “ही तर तुमची बारावीवाली. दिवाळीत मीच तिला रहिवासी दाखला दिलाय.”

“ती धाकटी. ही तिच्या आदीची.”

सगळं समजून घ्यायला त्यांना अर्धा तास लागला. त्या अर्ध्या तासात शिपायाने दोनदा चहा आणला आणि दोन्ही वेळा तो निवला. गावातल्या जन्म-मृत्यूचे निबंधक तेच होते आणि गावातला बालविवाह रोखण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच होती. टेबल एकच होतं. त्यांनी स्वतःच तसं म्हटलं, आणि पुढे म्हणाले, “पण वहिनी, मुलगी लहान आहे असं म्हणायला माझ्याकडे काय आहे? कागद अठरा म्हणतो.”

“म्या म्हनते की. दोघींना म्या जल्म दिला.”

“तुमचं खरं आहे. उद्या मुलाकडचे वकील घेऊन आले तर मी तुम्हाला पुढे करू का? त्या वेळचं काहीतरी लिहिलेलं पाहिजे.”

“आमी कुठं लिवतोय?”

“तुम्ही नाही. अंगणवाडी लिहिते.”

त्यांनी अर्ज ठेवून घेतला आणि शिक्का मारून पोच दिली. वहिनीने पोचेवरचा शिक्का वाळेपर्यंत कागद हातात आडवा धरून ठेवला.

अंगणवाडीच्या लोखंडी कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली सेविकेच्या घरी होती. किल्ली आली, त्याबरोबर निवृत्त झालेली जुनी सेविकाही आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं; बातमी तोवर वाडीभर झाली होती. वजनकाट्याखालच्या गठ्ठ्यातून तिनेच दोन रजिस्टरं ओढून काढली. पहिल्यात भावाच्या पहिल्या मुलीची ओळ होती. दर महिन्याचं वजन आठव्या महिन्यापर्यंत लिहिलेलं होतं. पुढे तांबड्या शाईने ‘मयत, ताप’ आणि तारीख. दुसऱ्या रजिस्टरात, पुढच्या वर्षी, तेच नाव पुन्हा होतं. नावापुढे कंसात ‘दुसरी’ असं लिहिलं होतं आणि शेजारी जन्माची तारीख.

“तुमची सासू माझ्याशी भांडली व्हती,” ती वहिनीला म्हणाली. “म्हनली, दुसरी कशाला लिवतीस, तीच हाय. म्या म्हनलं, आत्याबाई, तीच आसंल, मला काय ठावं. पर नऊ म्हैन्याची पोर परत सव्वादोन किलोची कशी लिवू? वर मॅडम मला इचारत्याल, पोर वाळली कशी?”

वहिनी हसली. मग पदराने तोंड पुसून तिने विचारलं, “ह्याची झेरॉक्स कुठं मिळंल?”

झेरॉक्ससाठी वेल्ह्याला जावं लागलं. आरोग्य उपकेंद्रात दुसरीच्या पहिल्या लसीची नोंद मिळाली. ती तारीख अंगणवाडीतल्या जन्मतारखेनंतर दीड महिन्याची होती. शुक्रवारी हे तिन्ही कागद ग्रामसेवकांच्या टेबलावर होते. त्यांनी त्याच दिवशी दोन्ही घरांना लेखी नोटीस काढली: वयाचा निर्णय होईपर्यंत हा विवाह करू नये, केल्यास लग्न लावणारे, ठरवणारे आणि त्यात मदत करणारे सगळे जबाबदार राहतील. एक प्रत मांडववाल्याला गेली. पानशेतला बातमी त्याच्याकडून पोचली, नोटिशीच्या आधी.

शनिवारी मुलाचे वडील टेम्पो घेऊन आले. भाची घरी होती. ते ओसरीवर बसले आणि भावाला म्हणाले, “पावणं, आमी दाखला बघूनच व्हय म्हनलो व्हतो.”

भावाने मान खाली घातली होती. वहिनी दारात उभी होती. “दाखला दुसऱ्या पोरीचा हाय,” ती म्हणाली.

“मग ती पोरगी कुठं हाय?”

“मेली. नऊ म्हैन्याची व्हती.”

त्यांनी समोरचं पाणी उचललं, प्यायले, भांडं सावकाश खाली ठेवलं. “आमाला हे म्हाईत नव्हतं,” ते म्हणाले. “बरं. दीड वरीस थांबू. आमाला घाई न्हाई.”

“नका थांबू, काका,” भाची आतून म्हणाली. “दीड वर्षाने मी नर्सिंगला असेन.”

ते भावाकडे वळले. “पोरगी बोलती लई.”

“भोरला ठिवली म्हनून,” भाऊ म्हणाला.

चहा न घेता ते गेले. जाताना त्यांनी वहिनीला हात जोडले, भावाला नाही.

मंगळवारी भाऊ ग्रामपंचायतीत आला. तो येईल असं वहिनीने मला सांगितलं नव्हतं. तिलाही खात्री नव्हती. ग्रामसेवकांनी हमीपत्र वाचून दाखवलं, मुलगी कायद्याने सज्ञान होईपर्यंत तिचं लग्न करणार नाही, आणि त्याने सही केली. मग ते म्हणाले की मृत्यूच्या अर्जाला कुटुंबप्रमुखाचा जबाब जोडावा लागेल. मूल कधी गेलं, कशाने गेलं, अंत्यविधी कुठे आणि कोणी केला.

भाऊ खुर्चीच्या कडेला बसला. तारीख त्याने रजिस्टर न बघता सांगितली. कारण सांगितलं. फरशीवरून दोनदा उतरायला गेलो, कमरेच्या वर पाणी होतं, तिला डोक्यावर धरलं तरी पाय टिकेनात, हेही सांगितलं. ते मला माहीत नव्हतं. शेवटचा प्रश्न अंत्यविधीच्या जागेचा होता. ग्रामसेवक पेन उचलून बसले.

“वरल्या खाचराच्या बांधाला,” तो म्हणाला. “उंबराच्या उगवतीला. म्या आन् वडील.”

वहिनी त्याच्या मागच्या बाकावर बसली होती. त्या खाचरात ती सतरा पावसाळे भात लावत आली होती. ग्रामसेवकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. भावाने सही केली आणि उठता उठता तिला म्हणाला, “गाडीवर येतीस का चालत?”

“गाडीवर,” ती म्हणाली.

लग्नाच्या ठरलेल्या दिवशी भाचीची जीवशास्त्राची प्रात्यक्षिक परीक्षा होती. ती सकाळी सातला डबा घेऊन गेली आणि दुपारी आल्यावर म्हणाली की बेडकाचं चित्र ओळखायला दिलं होतं, सोपं होतं.

पुढचं काम तहसीलला होतं. पोलिसांनी वाडीवर येऊन भाऊ, वहिनी, नाळ कापणारी म्हातारी आणि पोलीस पाटील यांचे जबाब घेतले. उकरायचं कोणी काढलं नाही. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागली. तिचा मजकूर मी लिहिला. चार ओळींचा होता. कोणाची हरकत असल्यास मुदतीत कळवावी, असं शेवटी होतं. हरकत आली नाही.

एप्रिलमध्ये वहिनीला जबाबासाठी वेल्ह्याला बोलावलं. कारकुनाने छापील अर्जातला रकाना वाचला: विलंबाचं कारण. त्याने तिच्याकडे न बघताच लिहायला सुरुवात केली. “अज्ञानामुळे. असंच लिहितात सगळे.”

“काय लिवलं?”

“अज्ञानामुळे. म्हणजे माहीत नव्हतं.”

“म्हाईत व्हतं,” वहिनी म्हणाली. “पोर मेली ते आमाला म्हाईत व्हतं. तीच परत आली असं म्हनत बसलो आन् नोंद केली न्हाई. तसं लिवा.”

“आजी, एवढं रकान्यात मावत नाही.”

“आजी कुनाला म्हनतोस रं? माजं वय बघ त्या कागदावर.” मागे रांगेतला एक जण हसला. “मावत नसंल तर बारीक लिव.”

त्याने आधीचा शब्द खोडला, खोडलेल्यावर सही घेतली आणि तिने सांगितलेलं वाक्य समासात लिहिलं. ते मोठ्याने वाचून दाखवल्यावर तिने सही केली.

आदेश मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात निघाला. त्यानंतरच्या शुक्रवारी ग्रामसेवकांनी मृत्यूची नोंद केली: नाव, स्त्री, वय नऊ महिने, मृत्यूचं ठिकाण राहतं घर. दुसरीच्या जन्माचा आदेश वेगळा होता; तो जूनमध्ये मिळाला आणि तिला तिचा जन्मदाखला मिळाला. बारावीचा निकाल त्याआधीच लागला होता. ती पास झाली होती.

नर्सिंगच्या प्रवेशअर्जाला तिने नवा दाखला जोडला आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर अजून जुनी तारीख आहे. दुरुस्तीचा प्रस्ताव शिक्षण विभागाला मिळाल्याची पोच पंधरा दिवसांपूर्वी आली.